वामनभाऊंचे हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आता तुम्हाला का सांगतेय — कळत नाही.

जळगावच्या एमआयडीसीत मी क्वालिटीला होते. वामनभाऊ मूळचे धुळ्याचे, देवपूरचे. ग्राइंडिंगवर त्यांचा हात बसलेला. मला ‘बहीन’ म्हणायचे, डब्यातली कळण्याची भाकरी आधी माझ्यापुढे करायचे. मग कंपनीत मोजमापाचं ऑटोमॅटिक मशीन आलं. भाऊंनी घासलेला शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, मापात असला तर हिरवा दिवा, नसला तर लाल. रोज सकाळी त्याला नमुन्याचा शाफ्ट — मास्टर — लावून माप शिकवायचं. ते काम माझं.

एकदा तो मास्टर माझ्या हातून फरशीवर पडला. डोळ्यांना काही दिसेना, पण बोटाला बारीकसा पोचा लागला. सांगायला हवं होतं. आधीच एक ताकीद मिळालेली, नोकरी कच्ची — नाही, कारणं नकोत. मी तो पुसला आणि लावला.

त्या दिवसापासून मशीन चुकीचं माप धरू लागलं, आणि भाऊंचे चांगले शाफ्ट लाल होऊ लागले. साहेब सगळ्यांसमोर बोलले. भाऊ भांडले असते तर? पण त्यांनी स्वतःचेच हात उलटसुलट करून पाहिले. म्हणाले, ‘मशीन खोटं कसाले बोली, बहीन? मनाच हात बिघडेल शेतस.’ माझेच हात बिघडलेत, म्हणे.

मी काय केलं? हो म्हणून मान हलवली.

ते डॉक्टरकडे गेले, चष्मा बदलला. लाल दिवा काही जाईना. शेवटी त्यांना पॅकिंगला टाकलं. तिथून ते स्वतःच काम सोडून गेले.

आणि — इथंच जीभ अडते — कपाटात दुसरा मास्टर होता. मला पहिल्यापासून माहीत होतं. पण भाऊ ग्राइंडिंगवर असताना तो लावला असता, तर त्यांचे शाफ्ट एकदम हिरवे झाले असते. कुणीतरी विचारलं असतं, काय बदललं? म्हणून मी थांबले. ते ग्राइंडिंगवरून गेल्यावर लावला. नव्या माणसाचे शाफ्ट हिरवे आले, आणि सगळे म्हणाले — बघा, भाऊंचेच हात गेले होते.

परवा देवपूरला त्यांच्या घरी गेले. सांगायचंच, असं ठरवून. भाऊंनी स्वतः चहा आणला, काठोकाठ भरलेला. थेंब सांडला नाही. म्हणाले, ‘आते बारीक कामले हातच लावत नही मी.’

मी तोंड उघडलं. आणि म्हणाले, ‘वयानं होतं, भाऊ.’

त्यांनी मान डोलावली. मी चहा संपवला.