नकली प्रोसेसरवरची सही

३ मार्चला साहेबांनी खरा प्रोसेसर बसवलेल्या ४१,६०० रुपयांच्या बोर्डाची काकांची मागणी फेटाळली. "एम्युलेटर असताना खरा प्रोसेसर आणून काय दिवे लावणार, काका? त्यावरच तपासा सिस्टिम."

संगणकात उभा केलेला नकली प्रोसेसर चुका पोटात घालतो, खरा घालत नाही, हे बावीस वर्षं तपासणी केलेले काका जाणून होते. तरी मान खाली घालून त्यांनी 'पास'वर सही केली. गिऱ्हाइकाकडे सिस्टिम सुरूच होईना.

"सही कोणाची?" साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं.

नोकरी वाचावी म्हणून काकांनी बचतीचे एकेचाळीस हजार मोडून, वरचे बहिणीकडून उसने घेऊन स्वतःच बोर्ड आणला आणि तासाभरात चूक शोधली. साहेबांनी चूक दुरुस्त करून घेतली, बोर्ड ठेवून घेतला आणि काकांना घरी बसवलं.

बहिणीचे सहाशे रुपये अजून द्यायचे आहेत.