ऐनाखालचा पाला
फाल्गुनात कुठे पाला जळाल्याचा वास आला की मला जावळीच्या डोंगरातला आमचा माळ दिसतो. भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीवर पाला पसरून जाळायचा, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. त्यासाठी लोक सगळा डोंगर झाडून नेत. फक्त आमच्या माळावरच्या ऐनाच्या एका झाडाखाली पाल्याचा ढीग तसाच कुजत असे. ब्रह्मदेशच्या लढाईवर जाताना थोरल्या भावाने आईला बजावलं होतं, "ह्या मुरमात झाडाला खायला काय न्हाई. आपलाच पाला खाऊन जगतंय त्ये. कुणाला उचलू दिऊ नगंस." पुढे एका पावसाळ्यात सरकारी तार आली. मी ती वाचून दाखवली, आई गोठ्यात गेली, आणि त्यानंतर घरात त्याविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही. पुढच्या फाल्गुनात धाकटे काका पाटी आणि कोयता घेऊन ऐनाखाली आले. आई बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. "त्यो येईपातूर हात लावायचा न्हाई." काका घुटमळले, मग म्हणाले, "वैनी, त्यो न्हाई आता यायचा. झाडाचं प्वाट भरून आपून काय खायचं?" आई बाजूला झाली. थोड्या वेळाने तीच ओणवी होऊन पाटीत पाला भरू लागली. त्या वर्षी भात चांगला आला आणि आम्ही सगळ्यांनी तो पोटभर खाल्ला. काकांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, आणि त्यांना माफही करता येत नाही.