नागापुरात घडलेली रोमची कुऱ्हाड

सांगलीहून निघाले तीच भीत भीत. मुळात मी प्रवासाला भिणारी बाई. एसटीत बसल्यावरही गॅस बंद केला की नाही म्हणून शेजारणीला फोन लावते. या वेळची भीती मात्र वेगळी होती. माझा जुना विद्यार्थी विनायक हा नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत ओतकामाचा छोटा कारखाना चालवतो. अमेरिकेतल्या एका कोर्टाच्या दारातल्या लोखंडी कठड्याचं काम त्याला मिळायचं होतं. फोनवर म्हणाला, "बाई, नक्षी रोमन आहे म्हणतात. तुम्ही इतिहास शिकवलात, एकदा बघून जा. नमुना नापास झाला तर काम जाईल, आणि मग आमच्या बबनरावांना मी ठेवू शकणार नाही." म्हणजे एका माणसाची नोकरी माझ्या जिभेवर.

पुणे सोडलं आणि उसाच्या ट्रॉल्या लागल्या. आमचा चालक त्यांना इतकी खेटून गाडी पुढे काढी, की नगरच्या वेशीवरचं केडगाव येईपर्यंत मी समोरची दांडी सोडली नाही.

कारखान्यात भट्टी धगधगत होती. मी भिंतीला धरून चालले. बबनराव हे तिथले पॅटर्नमेकर (पॅटर्न म्हणजे लाकडी नमुना, त्यावरून वाळूत साचा पाडतात). वय पंचावन्नच्या आसपास, गाव देवळाली प्रवरा. त्यांनी नमुन्यावरचं फडकं काढलं आणि मला घाम फुटला.

अमेरिकेहून आलेल्या चित्रात छड्यांची जुडी होती, पट्ट्यांनी आवळलेली, बाजूनं कुऱ्हाडीचं पातं बाहेर आलेलं. बबनरावांनी कोरली होती उसाची मोळी. कांड्यांवर पेरं, पेरांवर डोळे, आणि आवळायला वाढ्यांचा (उसाच्या शेंड्याकडच्या पाल्याचा) पीळ.

"कागदावर नुसत्या रेघा हुत्या," बबनराव म्हणाले. "मला मोळीच वाटली. आमच्याकडं आशीच बांदत्यात. कोयता तेवढा येगळा दिसला, त्यो हाय तसा कोरला."

छान आहे म्हणावं आणि परतीची गाडी पकडावी, असं मनापासून वाटलं. विनायक माझ्याकडे बघत होता. शेवटी धीर करून म्हटलं, "बबनराव, काम फार सुरेख आहे. पण हा ऊस नाही. या छड्या आहेत, माणसांना मारायच्या."

त्यांचा चेहरा उतरला. पाच वाजता अमेरिकेतल्या माणसाला मोबाईलवर नमुना दाखवायचा होता आणि बारा वाजून गेले होते. बबनरावांनी पटाशी घेतली आणि एकेक डोळा तासायला सुरुवात केली.

जेवायला शेंगोळे होते (हुलग्याच्या पिठाच्या वळ्यांचा झणझणीत रस्सा). बबनराव उठलेच नाहीत. मीही ताट बाजूला सारलं. मग भीती घालवायला मी त्यांच्याशेजारी बसून बोलत सुटले. प्राचीन रोममध्ये अंमलदाराच्या पुढे शिपाई ही जुडी घेऊन चालत. छड्या माणसाला फोडून काढायला, कुऱ्हाड मुंडकं उडवायला. अमेरिकेनं राज्य उभारताना रोमकडून पुष्कळ घेतलं. सिनेट हे नाव घेतलं, खांबांच्या इमारती घेतल्या, आणि ही जुडीही. त्यांच्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहात अध्यक्षांच्या आसनाच्या दोन्ही बाजूंना ती भिंतीवर आहे.

"कुऱ्हाडीसकट?"

"कुऱ्हाडीसकट. रोम शहरात शिरताना मात्र कुऱ्हाड काढून ठेवत. तिथल्या नागरिकाला शिक्षेविरुद्ध लोकांकडे दाद मागायचा हक्क होता. शहराबाहेर पडले की परत लावत."

बबनराव तासत राहिले. त्यांनी छड्या गुळगुळीत केल्या, पिळाच्या जागी पट्टे बसवले. पाचला पाच मिनिटं कमी असताना पॉलिशपेपर खाली ठेवला. मोबाईलवरच्या गोऱ्या माणसानं नमुना चारी बाजूंनी बघितला, पातं पुन्हा जवळून दाखवायला लावलं आणि नमुना पास केला. विनायकनं बबनरावांच्या पाठीवर थाप मारली. 

मोटरसायकलवरून मला स्टँडवर सोडताना बबनराव म्हणाले, "बाई, एक इचारू का? ह्ये कोर्ट गावात हाय का गावाबाहीर?"

"गावातच असेल."

"मंग कुऱ्हाड कशाला ठिवली?" त्यांनी गाडी हळू केली. पुढे म्हणाले, "आमची घरं गावाबाहीर हुती. माझ्या आज्याला दाद मागायला कुनी न्हवतं. म्हनून इचारलं."

सांगलीला परत आले तरी तो प्रश्न डोक्यातून जात नाही. वर्षानुवर्षं मी वर्गात सांगत आले, की रोमच्या शहरात कुऱ्हाड नसे. शहराबाहेर कोण राहत होतं, हे मुलांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आता ते पातं लोखंडात ओतलं जाईल, जहाजानं जाईल, कोर्टाच्या दारात लागेल. त्या दारातून आत जाणाऱ्याला तिथे गावातला समजतील की गावाबाहेरचा, या विचारानं मला अजून भीती वाटते.