झऱ्याजवळची जागा

सिदोनीआजीला गावातली बातमी कुणी सांगावी लागत नसे. कुणाचा नवरा वेगळा झोपतो, कुणाकडे पाळणा हलणार, सगळं तिला चादरींवरून कळे. मोंत्रे गावच्या धोबीघाटावर छपराखाली लांबलचक दगडी कुंड होतं. झऱ्याचं पाणी जिथे पडे ती पहिली जागा तिची. नव्या सुना पार खाली, जिथे साऱ्या गावाचा मळ वाहत येई. वर सरकायचं तर वरचीने मरावं, नाहीतर घाट सोडावा. दुसऱ्या जागेवरची ऑर्टान्स वर्षानुवर्षं सिदोनीच्या तब्येतीची चौकशी करी. केवढं ते प्रेम!

मग सरपंचीणबाई एग्लांतिनने कपडे धुण्याचं यंत्र आणलं. झालं!

"दार लावून धुते?" सिदोनीने कपडे बडवायची थापी आपटली. "कर नाही त्याला डर कशाला? कुठेतरी पाणी मुरतंय गं बायांनो!"

"डाग असतील," ऑर्टान्स म्हणाली.

"अगं, डाग कुणाचे नसतात? हिचे दाखवण्यासारखे नसतील!"

रविवारपर्यंत सरपंचीणबाईंना तीन यार जोडून झाले; त्यातला एक तर कधीच वारलेला. निवडणूक तोंडावर आलेली. सरपंच बायकोला म्हणाले, "पाया पडतो तुझ्या, पण घाटावर जा!" सोमवारी ती टोपली घेऊन आली. जागा सोडली होती, म्हणून अगदी शेवटी बसली. चादरी दुधासारख्या पांढऱ्या. बायांनी डोळे फाडफाडून पाहिलं, काही म्हणता काही सापडलं नाही. फार हिरमोड झाला बिचाऱ्यांचा.

पुढे सिदोनीच्या गुडघ्यांनी दगा दिला. पेंढा भरलेल्या खोक्यात गुडघे टेकून चादरी बडवणं होईना. मुलाने शहरातून यंत्र आणलं.

"मेल्या, मला गावात तोंड दाखवू देशील की नाही? आणि घरी बसून बोलू कुणाशी, भिंतीशी?" ती खरंच रडली.

मग तिने यंत्र तळघरात ठेवलं, भोवती बटाट्याची पोती रचली. आतल्या आत धुवायचं आणि ओल्या चादरी टोपलीत घालून घाटावर यायचं. थापी उचलायची, दोनदा आपटायची, बाकी वेळ बोलायचं. पण बोलायला विषयच उरेना. कुणाच्या चादरीवर काही दिसेना. गाव एकाएकी साधुसंतांचं झालं होतं म्हणा ना!

एके दिवशी खालून सरपंचीणबाई मोठ्याने म्हणाली, "काय गं बायांनो, हल्ली पाणी इथपर्यंत इतकं स्वच्छ कसं येतं? फेस नाही, मळ नाही. पिऊ का?"

थाप्या थांबल्या. सगळ्याजणी आपापल्या चादरीकडे पाहू लागल्या. ऑर्टान्सचे कान लाल झाले. सिदोनीला आधी संताप आला, मग तिला वाटलं, आता कुणी एक शब्द बोललं की उद्यापासून इथे कुणी यायचं नाही. तिने आपलं खोकं बाजूला सारलं.

"एग्लांतिन, वर ये बाई. माझ्या शेजारी बस."

"अगं, ती जागा माझी!" ऑर्टान्स किंचाळली.

"गप गं. तूही सरक." सरपंचीणबाई येऊन टेकली, तशी सिदोनी तिच्या कानाशी वाकली. "खरं सांग, तुझं यंत्र खालून गळतं का गं? माझे बटाटे भिजतात."