करवंदीच्या जाळीत

नव्वदच्या दशकात मी माणिकपूरच्या एका शाळेत शिकवायचो. तुंगारेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी फिरायला गेलो की तिथले एक वनरक्षक भेटायचे. काही विचारलं, की ते आधी झाडाकडे बघायचे आणि मग बोलायचे.

एका पावसाळ्यात आम्ही शिक्षक गुलमोहराची रोपं घेऊन तिथे गेलो. जागा करायला मी करवंदीच्या जाळीवर कोयता उगारला, तसं सोबत आलेल्या त्या वनरक्षकांनी माझं मनगट धरलं.

"सर, जरा वाकून बघा."

काट्यांच्या आत कोशिंबाचं वीतभर रोप होतं.

"पाखरानं बी टाकलंय. आत सावली हाय, पानी टिकतं, गुरांचं तोंड पोचत नाय. जाळी तोडली तर हे उन्हाळा काढायचं नाय."

मी ओशाळलो. "मग ही आमची रोपं?"

"शाळेत लावा. पोरांना फुलं आवडतील."

त्या दिवशी डोंगरावर आम्ही एकही झाड लावलं नाही. संध्याकाळपर्यंत जाळ्यांमध्ये डोकावत हिंडलो. रोप दिसलं की हाक मारायची, आणि ते लगबगीनं येऊन त्याचं नाव सांगायचे. एका रोपापाशी मात्र ते बराच वेळ उकिडवे बसून राहिले.

"हे मलापन ठाव नाय," ते हसून म्हणाले. "मोठं झालं की कळल."