लेकीच्या घरी जेवायचं नाही

माझी आई जयपूरला आली ती माझ्याकडे नाही, सहलीला आली. पुण्याहून निघालेल्या सोळा माणसांच्या सहलीत, गळ्यात सहल कंपनीचं ओळखपत्र अडकवून, माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवरच्या हॉटेलात उतरली. वैशाली नगरात आमचं घर होतं. नवरा विमा कंपनीत अधिकारी, ऑफिस सी-स्कीममध्ये, बदली होऊन सहा वर्षं झालेली. पाहुण्यांची खोली कायम आवरलेली असायची, कारण पाहुणे नसायचेच. शेजारच्या भाभीने विचारलं, मम्मीजी घरी नाही का उतरणार? मी सांगितलं, त्यांना हॉटेल आवडतं.

खरं कारण सांगायची मला लाज वाटायची. मूल होईपर्यंत लेकीच्या घरी आईबापाने जेवायचं नाही, अशी एक जुनी रीत आहे. आमच्या साताऱ्याकडे ती कोणी पाळत नव्हतं. मावशी तिच्या मुलीकडे लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात जाऊन श्रीखंड खाऊन आली होती. माझी आई मात्र माझ्या बाबतीत ती रीत धरून बसली होती. माझ्या लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. म्हणजे ही रीत कुणासाठी होती, ते उघडच होतं.

आम्ही जयपूरला आलो त्याच वर्षी ती एकदा दोन दिवस राहून गेली. येताना दशम्या, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, सगळं बांधून आणलं. मी पुरणपोळ्या केल्या, तर हिने डब्यातल्या दशम्या काढून खाल्ल्या. पाणी प्यायली. पाणी चालतं, असं तिच्या शास्त्रात होतं. जाताना मी तिला स्टेशनवर सांगितलं, की जेवायचं नसेल तर पुन्हा येऊ नकोस. ती बरं म्हणाली आणि पाच वर्षं आली नाही. आमच्या दोघींच्या स्वभावात फारसा फरक नाही.

मग भावाचा फोन आला. आईने आणि तिच्या भिशीतल्या मैत्रिणीने राजस्थानची सहल ठरवली होती. मैत्रीण बाथरूममध्ये घसरली, पाय प्लॅस्टरमध्ये गेला, आणि आईला खोलीत जोडीदार उरला नाही. तू जयपूरपासून तिच्याबरोबर जाशील का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मायेने नाही. सहल फिरून पुन्हा जयपूरलाच यायची होती आणि परतीच्या गाडीला मधे पाच-सहा तास होते. नऊ दिवस तिच्याशेजारी बसायचं, आणि दहाव्या दिवशी तिला घरी आणून माझ्या ताटात जेवायला लावायचं. एक वेळचं जेवण. एवढंच मला हवं होतं. नवरा म्हणाला, "तू सहलीला निघालीयस का लढाईला?" मी बॅगेची चेन लावली.

सहलीचं मला पहिल्या तासातच डोकं उठलं. सहल नेणारा तिशीतला तरुण गळ्यात शिट्टी घालून फिरायचा आणि मोठ्या माणसांना शिट्टी वाजवून गोळा करायचा. बसमधल्या जागा रोज बदलायच्या, पुढचे मागे आणि मागचे पुढे, आणि या जागांवरून निवृत्त माणसं शाळेतल्या पोरांसारखी भांडायची. एक मुख्याध्यापक होते, ते गाइडच्या तोंडून पडेल ते वहीत उतरवून घ्यायचे आणि मग बसमध्ये तेच आम्हाला पुन्हा वाचून दाखवायचे. ज्या शहरात मी सहा वर्षं भाजी आणत होते, ते मला वहीतून ऐकावं लागलं.

सहलीबरोबर स्वतःचा स्वयंपाकी होता. त्याला सगळे महाराज म्हणत. राजस्थानात येऊन मराठी माणसाला रोज आमटी-भात हवा, म्हणून पातेली आणि शेगड्या बसच्या मागे बांधलेल्या. पहिल्याच दिवशी महाराजांच्या लक्षात आलं की मसाल्याची पिशवी रेल्वेत राहिली. तिखट-हळद कुठेही मिळेल, पण गोडा मसाला जयपुरात कुठून आणणार? मंडळी आमेरचा किल्ला बघायला गेली होती आणि मी, किल्ला वीस वेळा बघितलेली, हॉटेलातच थांबले होते. महाराज अगदी रडकुंडीला आले होते. मी म्हटलं, चला माझ्याबरोबर.

मी गोडा मसाला घरीच करायचे. जुन्या शहरातला एक मसालेवाला मला दगडफूल द्यायचा आणि दरवेळी विचारायचा, हे कुठल्या दुखण्यावर घेता. नुकताच नवा मसाला केला होता. तो भरलेला स्टीलचा डबा मी महाराजांच्या हातात ठेवला. तेव्हा माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या अंगणात पंगत बसली. आईने आमटी भुरकली, पुन्हा वाढून घेतली, आणि मला म्हणाली, "या माणसाच्या हाताला चव आहे." माझा घास तोंडातच थांबला. माझ्या घरचा मसाला, माझ्या नवऱ्याच्या पगारातला, माझ्या गॅसवर भाजलेला, आणि ही बोटं चाटतेय. जेवण झाल्यावर मी महाराजांना गाठून सांगितलं, मसाला कुणाचा ते आईला कळता कामा नये. त्यांना वाटलं मी थोर मनाची आहे.

त्यानंतरची सहल मी एका दुष्ट आनंदात केली. उदयपूरला तळ्याकाठी लोक महालाचे फोटो काढत होते आणि मी आईच्या ताटाकडे बघत होते. भरली वांगी, मटकीची उसळ, मसालेभात. ती जेवेल तेवढं मला बरं वाटे. एका खोलीत दोन पलंगांवर आम्ही झोपायचो आणि दिवसभरात दहा वाक्यंही बोलायचो नाही. तू आधी अंघोळीला जातेस की मी जाऊ, किल्ली तुझ्याकडे आहे ना, एवढंच.

अबूच्या डोंगरावर बस वळणं घेत चढली आणि माझी जागा त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या बायकोशेजारी आली. बाईंनी घाट संपायच्या आत मला मुलं किती विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अजून नाही."

अजून! मी छत्तीस वर्षांची. सी-स्कीममधल्या डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वीच फाइल मिटून माझ्या हातात दिली होती. आईला ते ठाऊक होतं, भावाने सांगितलं होतं. तरी ती अनोळखी बायकांसमोर दुकान उघडायची वेळ सांगावी तसं अजून नाही म्हणत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळ्यात नावेतून फिरायचं होतं, तिथे मी मुद्दाम दुसऱ्या नावेत बसले. जोधपूरच्या किल्ल्यावर एका बाईने तोच प्रश्न विचारला आणि आईने तेच उत्तर दिलं.

जैसलमेरला वाळूत उंट होते. एका उंटावर दोघं, खोलीतले जोडीदार एकत्र, असा शिट्टीवाल्याचा हुकूम. आई पुढे, मी मागे. उंट उठताना पुढे कलंडला तशी आईने हात मागे टाकून माझं मनगट धरलं आणि उतरेपर्यंत सोडलं नाही. तिची बोटं किती बारीक झालीत, ते मला तेव्हा कळलं, आणि कळलं याचाही राग आला. उतरल्यावर वाळूत बसून चप्पल झटकताना मी विचारूनच टाकलं, की परवा जयपूरला घरी येणार का.

"येईन की," ती म्हणाली. "महाराजांना सांगून डबा घेऊन येईन."

मी म्हटलं, परक्या माणसाच्या हातचं वाळवंटात बसून खातेस, आणि लेकीचं चालत नाही? ती म्हणाली, त्यांचं वेगळं. काय वेगळं, ते सांगेना. मसाल्याची गोष्ट माझ्या अगदी जिभेवर आली होती. पण मी ती गिळली. मला ती माझ्या घरात, माझ्या टेबलावर सांगायची होती.

दहाव्या दिवशी दुपारी मी तिला रिक्षात घालून घरी आणलं. नवऱ्याने सुट्टी काढली होती. मी सहलीला जायच्या आधीच त्याला सगळं सांगून ठेवलं होतं. त्याने कामवाल्या बाईकडून भाज्या चिरून घेतल्या, मी आल्याआल्या वरण-भात, बटाट्याची भाजी आणि शिरा केला. तोवर आईने घर बघितलं. पाहुण्यांच्या खोलीतल्या गादीवर हात फिरवला, बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घातलं, नवऱ्याच्या रक्तदाबाची चौकशी केली. मी तीन ताटं वाढली. ती टेबलाशी बसली, पिशवीतून महाराजांनी भरून दिलेलं चंदेरी फॉइलचं पाकीट काढलं, आणि माझं वाढलेलं ताट दोन बोटांनी बाजूला सरकवलं.

पाकिटात मसालेभात होता. झाकण उघडलं तसा माझ्याच मसाल्याचा वास माझ्या घरात पसरला. मी तिला पहिला घास घेऊ दिला. दुसराही घेऊ दिला. मग म्हटलं, "त्यात माझा मसाला आहे. पहिल्या दिवसापासून रोजच्या आमटीत माझ्या घरचाच मसाला होता. दहा दिवस तू माझ्याच घरचं खातेयस."

नवरा म्हणाला, अगं राहू दे. मी राहू दिलं नाही. पिशवी रेल्वेत कशी राहिली, डबा कसा दिला, महाराजांना कसं गप्प केलं, सगळं सांगितलं. पाच वर्षं साठवलेलं होतं, ते बाहेर पडताना मला फार बरं वाटलं. आता कुठे गेली तुझी रीत, असं मी शेवटी विचारलं.

आईने हातातला भात पाकिटात परत ठेवला. तिचा चेहरा चिडलेला नव्हता. दारात उभं राहून एखादी बस निघून गेलेली बघावी, तसा होता.

"रीत नव्हती गं ती," ती म्हणाली. "तुझं ते पहिलं पोटातलं गेलं ना, त्या वर्षी देवीपुढे बोलले होते मी. नातवंडाचं तोंड बघेन तेव्हाच लेकीच्या घरचं अन्न खाईन. बोललेलं सांगायचं नसतं, म्हणून सांगितलं नाही. नऊ वर्षं धरलं होतं."

तेव्हा मी तिच्याजवळ जायला हवं होतं. मी गेले नाही. मी म्हटलं, मला न विचारता माझ्या मुलाचा नवस करायला तुला कोणी सांगितलं होतं? मला वाटत राहिलं की तुला माझी लाज वाटते, आणि तू ते वाटू दिलंस. माझा आवाज इतका चढला की भाभीने तिच्या दारातून डोकावून बघितलं. आईने ऐकून घेतलं. मग पाकिटाचं झाकण नीट दुमडून बसवलं, बेसिनशी जाऊन हात धुतले, आणि गाडीला उशीर व्हायला नको, म्हणाली.

स्टेशनवर नवरा सोडायला गेला. मी गेले नाही. टेबलावर तिने सरकवलेलं ताट तसंच होतं आणि शेजारी ते पाकीट. मी दोन्ही उचलून ओट्यावर ठेवली आणि भांडी घासायला घेतली. घासायला भांडी फारशी नव्हती.

महाराजांनी स्टेशनवर नवऱ्याकडे माझा मसाल्याचा डबा धुऊन दिला होता. आत कागदाची पुडी होती, उरलेल्या चमचाभर मसाल्याची. मी ती फेकून दिली.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर आई आली. सहल नाही, ओळखपत्र नाही, भावाने गाडीत बसवून दिली आणि आम्ही स्टेशनवर उतरवून घेतली. बरोबर डबा नव्हता. ती पंधरा दिवस राहिली आणि दोन्ही वेळा माझ्याकडे जेवली. पहिल्या दिवशी मी ताट वाढून तिच्यासमोर ठेवलं आणि उभी राहिले. तिने पानाभोवती पाणी फिरवलं, नमस्कार केला आणि आमटी-भात कालवायला घेतला. मला जे हवं होतं ते माझ्यासमोर चाललं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. तिने हे नऊ वर्षं धरून ठेवलं होतं. आता धरायला काही उरलं नव्हतं, म्हणून ती जेवत होती.

एका दुपारी भाभी गप्पा मारायला आली. तिची नवी सून बरोबर होती, तिला आमच्याबद्दल काही माहीत नव्हतं. तिने आईला सहज विचारलं, आंटीजी, दीदींना मुलं किती?

आईच्या हातात घास होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून वाट बघत होते. खरं सांगते, त्या एका शब्दाची वाट बघत होते, ज्याच्यासाठी मी अबूच्या घाटात तिच्यावर दात खाल्ले होते.

"नहीं हैं," आई म्हणाली. मग घास संपवून तिने माझ्याकडे वाटी पुढे केली आणि थोडी आमटी मागितली.