बशी आणि पिरीच

आई स्वभावानंच अबोल आहे, असं आमच्या मुली येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात. त्यांना हे मीच सांगत आलो. ते खोटं आहे.

लग्न होऊन ती लासूर स्टेशनहून इथं शहरात आली तेव्हा तिची बडबड थांबत नसे. मंडईतून परतली की भाजीवालीची अशी नक्कल करायची की हसून हसून मला ठसका लागायचा. तिच्या माहेरी शेजारी एक खाला राहायची. तिच्या ओट्यावर ही वाढली, त्यामुळे बोलण्यात दखनी शब्द यायचे. बशीला ती पिरीच म्हणायची.

मी शाळेत मराठी शिकवत होतो. एका रविवारी मुख्याध्यापक आणि एक सहकारी घरी आले. चहा ठेवून ती म्हणाली, "पिरीचमधी ओतून घ्या सर, लई गरम हाय."

"गुरुजी," सहकारी हसला, "शिकवणी आधी घरात लावा!"

मलाही हसून सोडून देता आलं असतं. मी म्हणालो, "पिरीच नाही, बशी. लई नाही, फार. म्हण."

ती पदर धरून उभी राहिली. "बशी," ती म्हणाली. "फार."

पाहुणे गेल्यावर म्हणाली, "आमच्या तिथं समदे पिरीचच म्हनत्यात."

"म्हणून तर तुम्ही तिथलेच राहिलात."

पुढं हेच चालू ठेवलं मी, वर्षानुवर्षं. बोलण्याआधी ती थांबू लागली, शब्द मनात तपासून घेऊ लागली. मग दोन शब्दांत भागवू लागली. नकला कधी बंद झाल्या ते माझ्या लक्षातही आलं नाही. चारचौघांत मात्र मी तिच्या शुद्ध बोलण्याची फुशारकी मारायचो.

निवृत्तीनंतर कोश चाळताना पिरीच भेटली. मूळ मलायी असावं, तिथून पोर्तुगीजांनी उचललं, मग उर्दूत, बंगालीत, सिंहलीत. समुद्र ओलांडून तो शब्द खालाच्या ओट्यावर पोचला होता आणि मी त्याला अडाणी ठरवलं. आमची शुद्ध बशीही पोर्तुगीजांकडूनच आली असावी, असं जाणकार म्हणतात. तेव्हाच स्वयंपाकघरात जाऊन तिला सांगायचं होतं. नाही सांगितलं. लाज वाटली. उद्या सांगू म्हणता म्हणता ती विसरू लागली. आता मुलींना ओळखत नाही. मला सर म्हणते.

परवा सकाळी मी चहा ओतला आणि तिच्यासमोर धरला. "घे, पिरीचमधी ओतलाय. लई गरम हाय."

ती दचकली. हात मांडीवर घेऊन ताठ बसली.

"बशी," ती म्हणाली. "फार. चुकलं, सर."

आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी नाही म्हणून मान हलवली, तिला जवळ घेऊ पाहिलं, पिरीचच म्हण गं म्हणालो. तशी ती जास्तच घाबरली. चहाला हात लावेना. साय धरली त्यावर.

शेवटी मी म्हणालो, "बरोबर."

मग ती चहा प्यायली.